स्क्रीन उघडली की लगेच रेकॉर्ड लॉक करायचं का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. आयटम मास्टरच्या (मालाची कायमची माहिती ठेवणाऱ्या) स्क्रीनवर दोघं जण एकच रेकॉर्ड उघडतात, दोघं वेगवेगळं काहीतरी बदलतात, जो शेवटी सेव्ह करतो त्याचं राहतं आणि आधीच्याचं गायब होतं, एरर वगैरे काही येत नाही. म्हणून टीममधल्या सिनियरने सांगितलं की स्क्रीन उघडतानाच सिलेक्ट फॉर अपडेट (वाचतानाच रेकॉर्ड लॉक करणारी एसक्यूएल कमांड) मारा. ते केलं तर आता दुसऱ्याची स्क्रीन नुसती फिरत राहते आणि रात्रीचा बॅच जॉब (आपोआप चालणारं मोठं काम) मध्येच अडकून बसतो. मग लॉक घ्यायचं की नाही?

घ्यायचं, पण माणूस स्क्रीनसमोर विचार करत बसलेला असताना नाही. डेटाबेसचं लॉक मिलिसेकंदांसाठी बनवलेलं आहे, फार तर सेकंदांसाठी. माणूस फोन घेतो, जेवायला जातो, ब्राउझर तसाच उघडा ठेवून घरी जातो, आणि तेवढा वेळ ती रो (टेबलमधलं ते एक रेकॉर्ड) धरून ठेवली की तिच्या मागे रांग लागणारच. मी हे बरीच वर्षं बघतोय, डेस्कटॉपच्या काळापासून, आणि अडकलेल्या सिस्टिमच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा कोणीतरी कमिट न करता, म्हणजे बदल पक्का न करता, बसलेलंच सापडतं.

आधी एक गैरसमज काढू. अपडेट स्टेटमेंट स्वतःच लॉक घेतं. तुम्ही काही मागा किंवा नका मागू, अपडेट झालेली रो कमिट किंवा रोलबॅक (बदल मागे घेणं) होईपर्यंत दुसऱ्या कोणाला बदलता येत नाही. म्हणजे तुमचा डेटा हरवला तो लॉक नव्हतं म्हणून नाही. समजा स्टॉक ५० आहे. पहिल्याने वाचलं ५०, दुसऱ्याने पण वाचलं ५०. पहिल्याने ५ काढले आणि ४५ लिहिलं, कमिट. दुसऱ्याने ८ काढले आणि ४२ लिहिलं, कमिट. दोन्ही अपडेट अगदी शिस्तीत एकामागून एक झाले, डेटाबेसने काही चुकवलं नाही, पण खरा आकडा ३७ पाहिजे होता. गोंधळ झाला तो वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या वेळात. याला लॉस्ट अपडेट म्हणतात.

आयसोलेशन लेव्हल (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्की किंवा रद्द होणारी कामं, एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ती सेटिंग) वाढवली की हे सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. थोडं सुटतं, पण प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळं. पोस्टग्रेसमध्ये रिपीटेबल रीड ही लेव्हल लावली तर दुसऱ्या अपडेटला ४०००१ कोडची एरर मिळते, म्हणजे निदान कळतं तरी. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये त्याच नावाची लेव्हल आहे, डिफॉल्टच ती आहे, पण तिथे दुसरा अपडेट गुपचूप आधीच्यावर लिहून जातो. नाव सारखं म्हणून वागणं सारखं असेल असं धरून चालू नका. आणि तसंही तुमच्या केसमध्ये स्क्रीनने वाचलं ते एक ट्रान्झॅक्शन आणि सेव्ह केलं ते वेगळं ट्रान्झॅक्शन, मधल्या काळात कनेक्शन पूलमध्ये (सगळ्यांनी वाटून वापरायच्या कनेक्शनच्या साठ्यात) परत जाऊन दुसऱ्याच कोणाच्या कामाला लागलेलं असतं, तेव्हा कुठलीही लेव्हल लावा, या दोन ट्रान्झॅक्शनचा एकमेकांशी काही संबंध आहे हे डेटाबेसला माहितच नसतं.

मग करायचं काय. स्टॉक, बॅलन्स, काउंटर अशा आकड्यांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे हिशोब प्रोग्राममध्ये करूच नका, अपडेटमध्येच करा. सेट क्वांटिटी बरोबर ४५ असं न लिहिता सेट क्वांटिटी बरोबर क्वांटिटी वजा ५ असं लिहा आणि व्हेअरमध्ये (अटीच्या भागात) आयटम कोडसोबत क्वांटिटी किमान ५ असावी ही अट पण टाका. दुसरा माणूस त्याच क्षणी आला तर त्याचं अपडेट पहिल्याच्या कमिटसाठी थांबतं आणि मग ताज्या आकड्यावर चालतं, अट सुद्धा ताज्या आकड्यावर परत तपासली जाते (हे रीड कमिटेड या लेव्हलबद्दल सांगतोय, बहुतेक बिझनेस प्रोग्राम तिथेच चालतात). त्यानंतर किती रो बदलल्या तो आकडा बघायचा, शून्य आला तर माल पुरेसा नाही. हा रो काउंट न बघणं ही मला दिसलेली सगळ्यात कॉमन चूक आहे, कारण शून्य रो अपडेट झाल्या तरी डेटाबेसच्या दृष्टीने ते यशस्वीच असतं, एरर येत नाही, आणि प्रोग्राम खुशाल सेव्ह झालं म्हणून दाखवतो.

मास्टरच्या स्क्रीनला मात्र हे चालत नाही, तिथे माणूस नाव, पत्ता, रेट असं काहीही बदलतो. तिथे व्हर्जन कॉलम ठेवा. टेबलमध्ये एक साधा इंटिजर, स्क्रीन उघडताना तो पण वाचायचा, समजा ७ आला, सेव्ह करताना अपडेटच्या व्हेअरमध्ये आयडी आणि व्हर्जन बरोबर ७ अशी अट आणि सेटमध्ये व्हर्जन अधिक १. मध्ये कोणी बदल केला असेल तर व्हर्जन ८ झालेलं असेल, तुमचा रो काउंट शून्य येईल, आणि तेव्हा युजरला सांगायचं की हे रेकॉर्ड तुम्ही उघडल्यानंतर बदललं गेलंय. याला ऑप्टिमिस्टिक पद्धत म्हणतात. आजकालच्या वेब फ्रेमवर्कमधून आलेली वाटते पण तशी नाही, कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्येच यावर पेपर लिहिला होता.

यात लोक कुठे फसतात ते नीट सांगतो, कारण कॉलम टाकून पण डेटा हरवतो अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकलीय. पहिली गोष्ट, व्हर्जन स्क्रीनपर्यंत गेलं पाहिजे आणि स्क्रीनकडूनच परत आलं पाहिजे. अनेक प्रोग्राममध्ये सेव्हच्या वेळी रेकॉर्ड डेटाबेसमधून पुन्हा वाचतात, त्यावर फॉर्मची व्हॅल्यू चढवतात आणि सेव्ह करतात. मग व्हर्जन नेहमीच ताजं असणार, तपासणी नेहमीच पास होणार, आणि आधीच्याचे बदल पहिल्यासारखेच पुसले जाणार. हायबरनेटसारखं, जावामधून डेटाबेस हाताळणारं टूल वापरत असाल तर त्याची व्हर्जनची सोय सुद्धा अशा वेळी तुम्हाला वाचवत नाही. दुसरी गोष्ट याहून वाईट. कॉन्फ्लिक्टची एरर आली की कॅच ब्लॉकमध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) नवीन व्हर्जन आणून तोच जुना फॉर्म परत सेव्ह करायचा, आपोआप, युजरला न विचारता. रिट्राय म्हणून लिहिलेला असतो हा कोड, पण त्याने अख्खी तपासणीच रद्द होते. ज्याचा निर्णय माणसाने घेतलाय तो बदल मशिनने परत ढकलायचा नाही, माणसाला नवीन डेटा दाखवायचा आणि ठरवू द्यायचं.

व्हर्जनऐवजी शेवटच्या बदलाची वेळ वापरली तर? चालते, पण जपून. मायएसक्यूएलमध्ये डेटटाइम कॉलम नुसता डिक्लेअर केला तर तो पूर्ण सेकंदच साठवतो, एकाच सेकंदात दोन बदल झाले तर फरक कळणार नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रोव्हर्जन नावाचा टाइप आहे, तो प्रत्येक अपडेटला आपोआप बदलतो, तिथे तो वापरा. बाकी ठिकाणी इंटिजर बरा. हो, आणि जुने बॅच प्रोग्राम, हाताने मारलेली स्क्रिप्ट, या सगळ्यांनी पण व्हर्जन वाढवलं पाहिजे, एकानेही टाळलं तर तिथून गळती सुरू, त्यामुळे जुनी सिस्टिम असेल तर हे काम ट्रिगरवर (अपडेट होताच डेटाबेस स्वतः चालवतो त्या कोडवर) सोपवलेलं मला जास्त सुरक्षित वाटतं. मात्र ट्रिगर वाढवणार असेल तर अपडेटमधलं अधिक १ काढून टाका.

आता सिलेक्ट फॉर अपडेट. तुमच्या सिनियरचं हत्यार चुकीचं नाही, जागा चुकली. जिथे मध्ये माणूस नाही, प्रोग्रामच दोन-चार रो वाचून, काही नियम तपासून लगेच लिहिणार आहे, तिथे हेच पाहिजे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम हलवणं, क्रेडिट लिमिट बघून ऑर्डर पास करणं, अशी कामं. बिल नंबरची सिरीज हे नेहमीचं उदाहरण. सीक्वेन्स (डेटाबेसचा नंबर देणारा काउंटर) वापरला तर ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं की नंबर वाया जातो, मध्ये गॅप पडतो, आणि जिथे गॅप चालतच नाही तिथे शेवटचा नंबर ठेवणाऱ्या टेबलची रो लॉक करावीच लागते. पण मग प्रत्येक बिल त्या एकाच रोच्या रांगेत उभं राहतं, म्हणून नंबर ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला न घेता अगदी शेवटी, कमिटच्या तोंडावर घ्या. एवढी एक ओळ खाली सरकवल्याने रांग नाहीशी झालेली मी पाहिलीय.

फॉर अपडेट मारताना किती थांबायचं ते स्वतः ठरवा, डिफॉल्टवर सोडू नका. एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस डिफॉल्टने अमर्याद थांबतात, ओरॅकलचं साधं फॉर अपडेट पण तसंच. मायएसक्यूएल ५० सेकंद थांबतं. म्हणून तुमची स्क्रीन फिरत राहते, बिघडलेली नाही ती, वाट बघतेय. ओरॅकलमध्ये नोवेट (न थांबता लगेच एरर) किंवा वेट ५ (पाच सेकंद थांब) असं लिहिता येतं, पोस्टग्रेसमध्ये नोवेट आहे आणि लॉक टाइमआउट सेट करता येतो, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून नोवेट आलं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये फॉर अपडेट असं नसून अपडीलॉक हिंट देतात आणि लॉक टाइमआउट लावतात. ओरॅकल नोवेटला ओआरए-०००५४ देतो, ती पकडून युजरला सरळ सांगा की रेकॉर्ड दुसरीकडे वापरात आहे.

आणि ती एरर आल्यावर काय होतं हे प्रत्येकाच्या डेटाबेसनुसार वाचून ठेवा, इथे पैशाचे घोळ होतात. मायएसक्यूएलमध्ये लॉकची मुदत संपली, म्हणजे १२०५, तर डिफॉल्टने फक्त ते एक स्टेटमेंट रद्द होतं, ट्रान्झॅक्शन जिवंतच राहतं. प्रोग्रामने एरर लॉगमध्ये टाकली आणि पुढे जाऊन कमिट केलं तर अर्धं काम पक्कं झालं, डेबिट पडला आणि क्रेडिट नाही. गंमत अशी की एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२०५ हाच नंबर डेडलॉकचा आहे, आणि तिथे ट्रान्झॅक्शन पूर्ण रोलबॅक झालेलं असतं, त्यामुळे एका डेटाबेसचा एरर हँडलिंग कोड दुसरीकडे उचलून नेऊ नका. डीबी२ या आयबीएमच्या डेटाबेसवर कोबोल लिहिणाऱ्यांना -९११ आणि -९१३ हे एरर कोड माहीत असतील. -९११ म्हणजे शेवटच्या कमिटपासूनचं सगळं काम डेटाबेसने आधीच मागे घेतलंय, -९१३ म्हणजे घेतलेलं नाही, तुम्ही ठरवा. -९११ नंतर अडलेल्या स्टेटमेंटपासूनच पुढे चालू केलं तर आधीची अपडेट गेलेलीच असतात, कर्सर (क्वेरीचा निकाल एकेक रो वाचायचं साधन) पण बंद झालेला असतो, आणि पुढची रो वाचायला गेलं की -५०१ (कर्सर उघडा नाही) येतो. मग लोक -५०१ चा शोध घेत दिवस घालवतात, खरं कारण त्याच्या आधीच घडून गेलेलं असतं.

डेडलॉकबद्दल फार लांबण लावत नाही. एक प्रोग्राम आधी ऑर्डर मग स्टॉक लॉक करतो, दुसरा आधी स्टॉक मग ऑर्डर, दोघं समोरासमोर अडतात. उपाय म्हणजे सगळ्या प्रोग्राममध्ये क्रम एकच, आणि एकाच टेबलच्या अनेक रो घ्यायच्या असतील तर प्रायमरी की च्या (प्रत्येक रोच्या वेगळ्या ओळखीच्या) क्रमाने. बिलाच्या लाइन युजरने ज्या क्रमाने टाइप केल्या त्या क्रमाने स्टॉक कमी करणारा कोड हमखास कधीतरी डेडलॉक देतो, आयटम कोडवर सॉर्ट करून घ्या. तरीही कधी आलाच तर पूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून, परत वाचून चालवा, दोन-तीन वेळा, मध्ये थोडा कमी-जास्त वेळ थांबून. ओरॅकल डेडलॉकच्या एररला, म्हणजे ओआरए-०००६० ला, फक्त स्टेटमेंट मागे घेतो, रोलबॅक तुम्हालाच मारावा लागतो. इथला रिट्राय आणि मघाशी ज्याला नको म्हटलं तो रिट्राय यात फरक आहे, इथे मध्ये माणसाचा निर्णय नाही, प्रोग्राम ताजा डेटा वाचून ताजा हिशोब करतो.

रात्रीच्या बॅचचं वेगळं बघू. स्क्रीनचं लॉक काढलंत की तो बहुधा सुटेल, पण उलट बाजूने बॅचच बाकीच्यांना अडवत असेल तेही तपासा. लाखो रो एकाच अपडेटमध्ये बदलल्या तर शेवटच्या रोपर्यंत पहिली रो धरलेली राहते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका स्टेटमेंटने एका टेबलवर साधारण ५००० लॉक घेतली की तो अख्ख्या टेबलचं लॉक घ्यायचा प्रयत्न करतो, डीबी२ मध्ये पण असं एस्कलेशन होतं. ओरॅकल आणि पोस्टग्रेस तसं करत नाहीत, रोची लॉक रोचीच राहतात. कुठलाही डेटाबेस असो, की च्या क्रमाने हजार-पाचशेचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यानंतर कमिट, आणि शेवटची की एका कंट्रोल टेबलमध्ये त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा म्हणजे जॉब पडला तर तिथून पुढे सुरू करता येतो, तीच रो दोनदा बदलली जात नाही. ओरॅकलमध्ये एकच मोठा कर्सर उघडा ठेवून आत कमिट करत राहिलात तर ओआरए-०१५५५ (वाचायला लागणारा जुना डेटा आता उरलेला नाही) येऊ शकतो, त्यापेक्षा प्रत्येक तुकड्याला नवीन क्वेरी बरी.

आणि इंडेक्स, म्हणजे रो पटकन शोधायची सूची! लॉकच्या तक्रारीत इंडेक्स बघायला कोणालाच सुचत नाही. इनोडीबी डिफॉल्ट लेव्हलला ज्या रो स्कॅन करतो त्या सगळ्या लॉक करतो, फक्त जुळणाऱ्या नाही. एका ठिकाणी आम्ही दोन रात्री डोकं फोडत होतो, एक छोटा अपडेट, बदलणार जेमतेम ३० रो, पण ऑर्डर घेणारे सगळे अडकलेले. इंडेक्स होता, तरी पण. शेवटी सापडलं की कॉलम व्हारकॅर (अक्षरांचा) होता आणि प्रोग्राम व्हॅल्यू नंबर म्हणून पाठवत होता, तुलना करताना इंडेक्स वापरलाच जात नव्हता, पूर्ण टेबल स्कॅन आणि म्हणून पूर्ण टेबल लॉक. पॅरामीटरचा टाइप बदलला, प्रश्न संपला. तोपर्यंत नवा सर्व्हर घ्यायची चर्चा सुरू झाली होती.

ट्रान्झॅक्शन उघडं असताना बाहेरचं काही करू नका, ईमेल, दुसऱ्या सिस्टिमचा कॉल, फाइल लिहिणं, काहीच नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एका डेस्कटॉप प्रोग्राममध्ये आम्ही अपडेट मारून मग खात्री आहे का असा मेसेज बॉक्स दाखवायचो आणि हो म्हटलं की कमिट. एका संध्याकाळी कोणीतरी तो बॉक्स तसाच ठेवून निघून गेलं आणि सकाळपर्यंत त्या रोच्या मागे सगळी पोस्टिंग थांबली. तो कोड मीच लिहिला होता, आणि सकाळी हिशोब घेऊन बसलेल्या लोकांचे चेहरे बघितल्यापासून मी ट्रान्झॅक्शनची सुरुवात आणि कमिट यांच्या मधली प्रत्येक ओळ वाचूनच कोड पास करतो.

काही कामांमध्ये मात्र युजर खरंच अर्धा-पाऊण तास एका गोष्टीवर बसतो, मोठं कॉन्ट्रॅक्ट, लांबलचक कोटेशन, आणि शेवटी कॉन्फ्लिक्ट दाखवला तर त्याची मेहनत जाते. तिथे लॉजिकल लॉक ठेवा, म्हणजे तुमचंच एक टेबल, कुठला डॉक्युमेंट, कोणी, कधी घेतला, कधी संपणार. डॉक्युमेंटच्या की वर युनिक कन्स्ट्रेंट (एकच नोंद चालेल अशी अट) लावा म्हणजे दोघांनी एकदम इन्सर्ट केलं तरी एकालाच मिळेल, इन्सर्ट करून लगेच कमिट करा. दुसऱ्याला नावासकट दिसेल की हे अमुक जणाकडे उघडं आहे, फोन करून विचारता येईल. सॅप या बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये हीच कल्पना आहे, एन्क्यू सर्व्हर ही लॉक डेटाबेसच्या बाहेर सांभाळतो आणि एसएम१२ या स्क्रीनवर ती दिसतात. मुदत जरूर ठेवा, ब्राउझर बंद करणाऱ्यांकडून लॉक सोडायची अपेक्षा नको. आणि मुदत संपून लॉक दुसऱ्याकडे गेलेलं असू शकतं, म्हणून सेव्ह करताना व्हर्जनची तपासणी तरीही ठेवायची.

आत्ता सिस्टिम अडकलेली असेल तर वाट बघणाऱ्यांना किल करून उपयोग नाही, रांगेच्या तोंडाशी कोण आहे ते शोधा. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल दोन्हीकडे सेशनच्या व्ह्यूमध्ये ब्लॉक करणाऱ्या सेशनचा नंबर मिळतो, पोस्टग्रेसमध्ये पीजी ब्लॉकिंग पीआयडीज फंक्शन आहे, मायएसक्यूएलच्या सिस स्कीमामध्ये इनोडीबी लॉक वेट्स व्ह्यू आहे. तोंडाशी असलेलं सेशन बहुतेक वेळा काहीच करत नसतं, पोस्टग्रेस त्याला आयडल इन ट्रान्झॅक्शन म्हणून दाखवतो. म्हणून जास्त वेळ चालणाऱ्या क्वेरी शोधून ते सापडत नाही.

तुमच्या केसमध्ये मी आधी स्क्रीनवरचं फॉर अपडेट काढीन आणि त्याच दिवशी व्हर्जन कॉलम टाकीन, एक काढून दुसरं पुढच्या रिलीजला असं नको, मधल्या काळात डेटा परत हरवायला लागेल. मग टेस्ट. एका माणसाने एका मशीनवर क्लिक करून हे कळणार नाही. दोन विंडो उघडा, दोन्हीत तेच रेकॉर्ड घ्या, पहिल्यात रेट बदलून सेव्ह करा, दुसऱ्यात नाव बदलून सेव्ह करा, दुसऱ्याला मेसेज आला पाहिजे आणि टेबलमध्ये पहिल्याचा रेट तसाच असला पाहिजे. मग तिसऱ्या विंडोत थेट एसक्यूएलमधून ट्रान्झॅक्शन सुरू करून तीच रो अपडेट करा, कमिट करू नका, आणि स्क्रीनवरून सेव्ह दाबा. तुम्ही ठरवलेल्या सेकंदांत युजरला समजेल असा मेसेज येतो का घड्याळ लावून बघा, आणि नंतर तिसऱ्या विंडोत रोलबॅक मारायला विसरू नका.